बेटावरचे पाहुणे

पनवेल शहराच्या ईशान्येस, माथेरानच्या डोंगररांगांच्या बाजूला नेरे हे गाव वसलेले आहे. गावाजवळून गाढी नदी वाहते. पावसाळ्यात ती दुथडी भरून धावते. उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढीत संथपणे पनवेलकडे जाते. नेऱ्याच्या मुलांना ही नदी आपल्या अंगणासारखी परिचयाची होती. परंतु ती पुढे कोठे जाते, याचा विचार त्यांच्यापैकी कोणी फारसा केला नव्हता.

एका हिवाळ्यात गावातील शाळेची सहल घारापुरी बेटावर नेण्याचे ठरले. बातमी कळताच सातवीच्या वर्गात आनंदीआनंद झाला. गुरुजींनी मात्र फळ्यावर दोन प्रश्न लिहिले : 'बेटावर काय पाहावयाचे?' आणि 'बेटावर कोठे जेवावयाचे?'

पहिल्या प्रश्नाची उत्तरे भराभर आली. कोणी लेणी सांगितली, कोणी समुद्र, कोणी टेकडीवरील जुन्या तोफा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र वाद माजला. एक मुलगा म्हणाला, "घरूनच बिस्किटांचे नि वेफर्सचे पुडे न्यावेत, पाण्याच्या बाटल्या विकत घ्याव्यात. खाल्ले, प्यायले, की रिकामे टाकून मोकळे!" एक मुलगी म्हणाली, "लेण्यांजवळ उपाहारगृहे आहेत, असे माझ्या मामांनी सांगितले आहे. तेथेच जेवू या."

सर्वांचे बोलणे ऐकून घेतल्यावर गुरुजी म्हणाले, "मुलांनो, आपण कोणाच्या घरी पाहुणे म्हणून जातो, तेव्हा त्या घरात काय शिजते, पाणी कोठून येते, याची थोडी जाणीव ठेवतो. बेट हेही एक घरच आहे. आधी त्या घराची माहिती करून घ्या, मग जेवणाचे ठरवा."

मुलांनी माहिती गोळा केली. घारापुरी हे बेट मुंबई बंदराच्या परिसरात असले, तरी ते रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. चोहोंकडे पाणी आहे. पण ते खारे! पावसाचे पाणी साठवावे आणि ते पुरवून वापरावे, ही तेथील जुनी रीत. तांदूळ, पीठ, तेल, औषध, वही, पेन्सिल अशी प्रत्येक वस्तू होडीतून आणावी लागते. मुंबईचे दिवे डोळ्यांसमोर लखलखत असताना या बेटावर मात्र कित्येक वर्षे सायंकाळचे काही तासच जनित्रावर दिवे लागत. समुद्राच्या तळातून तार टाकून वीज बेटावर पोहोचली, ती २०१८ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी.

हे वाचून वर्ग थोडा गंभीर झाला. अखेर असे ठरले, की दुपारचे जेवण शेतबंदरातील एखाद्या साध्या खानावळीत घ्यावे, म्हणजे चार पैसे बेटावरच्या माणसांना मिळतील. पाणी प्रत्येकाने घरून धातूच्या बाटलीत न्यावे. पुड्यांतील खाऊ कोणी नेऊ नये. सोमवारी लेणी बंद असतात. म्हणून सहलीसाठी मंगळवार निवडण्यात आला.

त्या दिवशी पहाटेच मुले एस. टी.ने पनवेलला आली. तेथून हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठले आणि पुढे सर्वजण गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावर पोहोचले. लाँचमध्ये चढताच गुरुजींनी प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट घालावयास लावले. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच जलमार्गावर एका प्रवासी बोटीला अपघात होऊन अनेकांना प्राण गमवावे लागले होते. समुद्र कितीही शांत दिसला, तरी सावधगिरी सोडू नये, हे त्यांनी मुलांना समजावून सांगितले.

लाँच सुमारे तासभर चालली होती. पांढरे समुद्रपक्षी तिच्यामागून घिरट्या घालीत होते. वाटेत जवाहर द्वीपावरील तेलाच्या टाक्या दिसल्या. दूर उत्तरेकडे, शिवडीहून न्हावाशेवाकडे जाणारा अटल सेतू एखाद्या रेघेसारखा दिसत होता. आणि मग हिरव्यागार टेकड्यांचे घारापुरी बेट हळूहळू जवळ आले.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत जाण्यासाठी लहानशी आगगाडी आहे. पण मुलांनी चालतच जाणे पसंत केले. पुढे सुमारे १२० पायऱ्या चढून जावे लागते. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकाने मांडलेली होती. कोणी शंखशिंपल्यांच्या माळा विकीत होते, तर कोणी दगडी मूर्ती. कोळी आणि आगरी स्त्रिया टोपल्यांतून काकड्या, कैऱ्या आणि बोरे घेऊन बसल्या होत्या. मुलांनी एका वृद्ध आजींकडून काकड्या घेतल्या. आजींनी त्या चिरून, मीठमसाला लावून पळसाच्या पानावर दिल्या.

इतक्यात गडबड उडाली. ज्या मुलाने वर्गात पुडे नेण्याचा आग्रह धरला होता, त्याने गुपचूप एक वेफर्सचा पुडा पिशवीत आणला होता. त्याने तो बाहेर काढताच एका माकडाने झडप घालून हिसकावून घेतला. माकडाने वेफर्स फस्त केले आणि रिकामे वेष्टन पायऱ्यांखालच्या झुडपांत टाकून दिले. मुले हसली. तो मुलगाही ओशाळून हसला आणि पुढे चालू लागला.

आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी टोपली बाजूला ठेवली, हळूहळू उतार उतरून त्या झुडपापाशी गेल्या आणि ते वेष्टन उचलून आपल्या गोणीत टाकले. मुलाने मागे वळून पाहिले. आजी त्याला म्हणाल्या, "बाळा, हे बेट आहे. इथे पडले ते इथेच राहते. बाहेर न्यायचे तर त्यालाही होडीच लागते."

मुलगा काही बोलला नाही. त्याची मान खाली गेली.

मुख्य लेण्यात प्रवेश करताच सर्वांचे बोलणे आपोआप थांबले. भर दुपारीही आत गारवा होता. डोंगर आतून कोरून काढून शिल्पकारांनी खांबांची ही विशाल शाळा सुमारे इसवी सनाच्या सहाव्या शतकात उभी केली. समोरच्या भिंतीवर सुमारे सहा मीटर उंचीचे सदाशिवाचे शिल्प आहे. त्यालाच लोक त्रिमूर्ती म्हणतात. मधला चेहरा शांत, मिटल्या नेत्रांचा. एका बाजूचा उग्र, तर दुसऱ्या बाजूचा कोमल. एकाच दगडातून तीन भाव कसे प्रकट झाले असतील, याचे मुलांना नवल वाटले. अनेक मूर्तींचे हातपाय भंगलेले पाहून त्यांना वाईटही वाटले. या लेण्यांना १९८७ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान मिळाले आहे.

गुरुजींनी एक जुनी हकिकतही सांगितली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज येथे आले, तेव्हा बेटावर एक प्रचंड दगडी हत्ती उभा होता. त्यावरूनच त्यांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. पुढे १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. पण उचलताना तो पडून भंगला. त्याचे तुकडे पुन्हा जोडण्यात आले आणि आज तो मुंबईत, भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारी, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

सदाशिवाच्या शेजारीच गंगाधर शिवाचे शिल्प आहे. स्वर्गातून कोसळणारी गंगा पृथ्वीला पेलवणार नाही, म्हणून शिवाने तिला आधी आपल्या मस्तकावर घेतले, ही कथा त्यात कोरली आहे. गुरुजी त्या शिल्पापुढे थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "नदी कोठून येते ते आपण विचारतो, ती कोठे जाते, तेही विचारावे." त्यांच्या या बोलण्याचा अर्थ त्या वेळी मुलांच्या ध्यानात आला नाही.

दुपारी सर्वजण शेतबंदरात उतरले. एका घराच्या ओसरीवरच खानावळ होती. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या जात होत्या. मासे खाणाऱ्यांसाठी बोंबील आणि कोळंबीचे कालवण होते. इतरांसाठी वालाची उसळ होती. मुलांनी पोटभर जेवून घेतले. "ही भाकरी अगदी आपल्या आईच्या हातची वाटते!" असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा वाढणाऱ्या मावशींनी तिच्या पानात आणखी एक भाकरी घातली. पानात कोणी काही टाकले नाही. तांब्यात उरलेले पाणीही कोणी ओतून दिले नाही.

जेवणानंतर मुले किनाऱ्यावर गेली. ओहोटी लागली होती. तिवरांची मुळे चिखलातून वर आली होती आणि त्या मुळांत प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, चपला आणि खाऊची वेष्टने अडकून पडली होती. दृश्य मोठे खेदजनक होते. काकडीवाल्या आजी टोपली रिकामी करून घराकडे निघाल्या होत्या. एका मुलीने त्यांना विचारले, "आजी, हा सगळा कचरा प्रवाशांनी टाकला का?"

"काही प्रवाशांनी टाकला, काही आमच्या लोकांनीही," आजी म्हणाल्या, "पण पुष्कळसा भरती आणते. आम्ही उचलावा, तिने पुन्हा आणावा. याच तिवरांत मासळीची पिल्ले वाढतात, बाई. ती गुदमरली, तर आमची चूल कशी पेटायची?"

"भरती तो कोठून आणते?" मुलीने पुन्हा विचारले.

आता गुरुजी पुढे झाले. त्यांनी काठीने ओल्या वाळूत एक रेघ ओढली. "ही माथेरानच्या डोंगरातून निघालेली गाढी. हे नेरे. हे पनवेल. पुढे ही पनवेलच्या खाडीस मिळते. ती खाडी या मोठ्या खाडीस मिळते. आणि हे..." असे म्हणून त्यांनी रेघेच्या टोकापुढे एक लहानसे वर्तुळ काढले.

"घारापुरी!" मुले एकदम उद्गारली, आणि लगेच गप्प झाली. नेऱ्याच्या आठवडाभराच्या खाऊची वेष्टने नदीकाठी कशी विखुरलेली असतात, हे प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सहलीस आज प्रथमच निघालेली ही मुले त्या बेटावर पहिल्यांदा आली नव्हती. त्यांच्या हातून सुटलेल्या वस्तू त्यांच्या आधीच तेथे येऊन पोहोचल्या असाव्यात.

सायंकाळी परतीच्या लाँचची वेळ झाली. वेफर्सचा पुडा आणणारा मुलगा आजींपाशी जाऊन उभा राहिला. "आजी, ती गोणी मला द्याल? मी ती मुंबईच्या धक्क्यावरील कचराकुंडीपर्यंत नेतो." आजींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि गोणीचे तोंड सुतळीने घट्ट बांधून ती त्याच्या हाती दिली. लाँचमध्ये तासभर ती गोणी त्याच्या मांडीवर होती. कोणी त्याला हसले नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले, तेव्हा फळ्यावरील दोन प्रश्न तसेच होते. त्यांच्याखाली कोणीतरी तिसरा प्रश्न लिहून ठेवला होता : 'गाढीतून काय जाऊ द्यावयाचे नाही?'

गुरुजींनी तो वाचला. मग त्यांनी हजेरीपट मिटून ठेवला आणि मुलांना घेऊन ते नदीकाठी गेले.

स्वाध्याय

१. 'बेट हेही एक घरच आहे' असे गुरुजी का म्हणाले?
२. घारापुरीच्या लोकांना कोणत्या अडचणी सोसाव्या लागतात, ते पाठाच्या आधारे लिहा.
३. गंगाधर शिवाच्या शिल्पापुढे गुरुजी जे बोलले, त्याचा अर्थ मुलांना केव्हा व कसा कळला?
४. वाक्यात उपयोग करा : दुथडी भरून वाहणे, घाट घालणे, फस्त करणे, मान खाली जाणे.
५. तुमच्या गावाजवळील नदी अथवा ओढा शेवटी कोठे जातो, ते शोधा आणि त्याचा नकाशा काढा.