घरी जोडायचा व्हॉल्व्ह प्रीॲम्प्लिफायर : किटचा माल आणि त्याचा हिशोब

कापडाच्या दुकानात तयार सूट आणि न शिवलेला सूट पीस शेजारी शेजारी टांगलेले असतात. पीसच्या पाकिटात कुर्त्याचे कापड, सलवारीचे कापड, ओढणी, अस्तर सर्व काही असते. शिलाई तेवढी गिऱ्हाइकाची. इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात अशाच मालाला किट म्हणतात. सुटे भाग खोक्यात भरून द्यायचे आणि जोडणी गिऱ्हाइकाने घरी करायची. फरक एवढाच की सूट पीस घेणाऱ्याच्या मोहल्ल्यात दर्जी असतो, किट घेणाऱ्याजवळ कारीगर नसतो. म्हणून विकणाऱ्याला भागांबरोबर उस्तादही खोक्यात घालावा लागतो. हा उस्ताद म्हणजे जोडणीची पुस्तिका. किटचा धंदा चालतो किंवा बुडतो तो या पुस्तिकेवर. आज व्हॉल्व्हच्या प्रीॲम्प्लिफायरचे उदाहरण घेऊन हे पाहू. या यंत्रात चूक झाली तर नुसता माल वाया जात नाही, जिवावरही बेतू शकते.

या धंद्याचे घर अमेरिका. मिशिगन राज्यातील बेंटन हार्बर येथे हीथ नावाची कंपनी होती. मूळ धंदा विमानांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे शिल्लक राहिलेले इलेक्ट्रॉनिक भाग बाजारात स्वस्त झाले. कंपनीने ते उचलले आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचे किट विकायला काढले. हीथकिटच्या पुस्तिका आजही पाहण्यासारख्या आहेत. प्रत्येक पायरीपुढे खूण करायला रिकामी जागा. तार नुसती अडकवायची की सोल्डर करायची, आणि सोल्डर करताना त्या टोकावर एकूण किती तारा असायला हव्यात, हेही आकड्यात लिहिलेले. पुस्तिका दोन तारा म्हणते आणि डोळ्यांना एकच दिसते, तर चूक तिथल्या तिथे सापडते. पुढे शंभर पायऱ्या झाल्यावर ती शोधत बसावे लागत नाही. आपल्या कारखान्यांत हुनर उस्तादाच्या डोक्यात असते आणि शागीर्द पाहून पाहून शिकतो. हजारो मैलांवरच्या अनोळखी गिऱ्हाइकाला माल विकायचा असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही.

दुसरी कंपनी फिलाडेल्फियाची, डायनाको. डेव्हिड हाफलर यांनी ती १९५५ मध्ये सुरू केली. १९५९ मध्ये तिचा स्टिरिओ-७० हा पॉवर ॲम्प्लिफायर आला. किट ९९.९५ डॉलरला आणि तयार यंत्र १२९.९५ डॉलरला. म्हणजे जोडणीची मजुरी ३० डॉलर, आणि तेवढी गिऱ्हाइकाची बचत. लागोपाठ १९६० च्या सुमारास पीएएस-२ आणि नंतर पीएएस-३ हे प्रीॲम्प्लिफायर आले. यात कंपनीने एक शहाणपण केले. सर्वात नाजूक आणि चूक होण्यासारखे काम सर्किट बोर्डांचे. ते बोर्ड कारखान्यातच भाग बसवून तयार करून दिले जात. गिऱ्हाइकाकडे राहिले बोर्ड पेटीत बसवणे, ट्रान्सफॉर्मर, स्विच आणि तारांची जोडणी. गळ्याचे भरतकाम तयार असलेला सूट पीस मिळतो, तसाच हा प्रकार. गिऱ्हाइकाला आपण बनवल्याचे समाधान मिळते आणि कंपनीला तक्रारी कमी येतात.

आता हे यंत्र करते काय, ते पाहू. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईतून येणारी वीज फारच थोडी असते, साधारण ५ मिलिव्होल्ट. पॉवर ॲम्प्लिफायरला पूर्ण आवाजासाठी १ व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणजे सुमारे २०० पट वाढ हवी. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी आणि बारीक आवाज मुद्दाम जास्त करतात. वाजवताना याचे उलट करावे लागते: २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वाढ आणि २० हजार हर्ट्झला जवळपास तेवढीच घट. हे माप रेझिस्टर आणि कॅपॅसिटर यांच्या नेमक्या किमतींवर ठरते. त्या जागी एक टक्का फरकाचे रेझिस्टर वापरावेत आणि डाव्या-उजव्या बाजूचे भाग मीटरवर मोजून जोडीने लावावेत. माल चांगला की साधा, याचा फैसला बऱ्याच अंशी इथे होतो, चकचकीत पेटीत नाही.

पीएएसमध्ये १२एएक्स७ जातीचे चार व्हॉल्व्ह असतात. युरोपात याच व्हॉल्व्हला ईसीसी८३ म्हणतात. एका काचेत दोन व्हॉल्व्हांचे काम होते, म्हणून चार व्हॉल्व्ह म्हणजे आठ भाग झाले, प्रत्येक बाजूला चार. पाचवा व्हॉल्व्ह १२एक्स४. तो घरच्या लाइनची उलटसुलट वीज एका दिशेची करतो.

जोडणीला बसण्याआधी सर्व भाग यादीशी ताडून घ्यावेत. गाठ आली की आपण ठाण मोजतो, तसे. रेझिस्टरवरील रंगाचे पट्टे म्हणजे त्याचा आकडा: तपकिरी, काळा, पिवळा म्हणजे १०० किलोओहम, पिवळा, जांभळा, नारिंगी म्हणजे ४७ किलोओहम. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात लाल आणि नारिंगी सारखेच दिसतात, आणि १ किलोओहमच्या जागी १० किलोओहम बसतो. रंग पाहायचे ते दिवसाच्या उजेडात, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. तरीही प्रत्येक रेझिस्टर मीटरवर मोजूनच लावावा.

सोल्डरिंगला २५ ते ३५ वॉटची इस्त्री पुरे. भांड्याला डाख लावणारे कारीगर जाणतात की आधी धातू तापला पाहिजे. इथेही तार आणि टोक तापवावे आणि सोल्डर त्यावर वितळू द्यावे. इस्त्रीवर वितळवून थेंब टाकला तर तो वरून चिकटलेला दिसतो, आत सांधा कच्चा राहतो. चांगला सांधा गुळगुळीत असतो आणि टोकावर पसरलेला दिसतो. नळाच्या कामाचे आम्लाचे फ्लक्स इथे बिलकूल वापरू नये, काही महिन्यांत तारा खाऊन टाकते. राळेचे फ्लक्स आत असलेली सोल्डरची तारच घ्यावी.

घरी बनवलेल्या प्रीॲम्प्लिफायरची नेहमीची तक्रार हमिंगची. ५ मिलिव्होल्टचा आवाज २०० पट वाढतो, तसे बाजूच्या ट्रान्सफॉर्मरचे हमिंगही वाढते. म्हणून ट्रान्सफॉर्मर सुईच्या व्हॉल्व्हपासून लांब असावा. फिलामेंटच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन पेटीच्या कोपऱ्यातून न्याव्यात. सिग्नलसाठी शील्ड वायर घ्यावी आणि तिची जाळी एकाच टोकाला जमिनीला जोडावी. जमिनीच्या सर्व तारा पेटीला एकाच जागी मिळाव्यात. डायनाकोने तर फिलामेंटला सरळ दिशेची वीज दिली, ती याच कारणासाठी. हमिंग खोल ५० हर्ट्झचे असेल तर दोष बहुधा फिलामेंट, तारा किंवा ट्रान्सफॉर्मरची जागा यात असतो. थोडे उंच १०० हर्ट्झचे असेल तर फिल्टरचा कॅपॅसिटर पाहावा.

विजेची गोष्ट सर्वात महत्त्वाची, आणि ती नीट वाचावी. ट्रान्झिस्टरच्या यंत्रात १२ किंवा २४ व्होल्टवर काम करणाऱ्यांचे हात निर्धास्त झालेले असतात. व्हॉल्व्हच्या यंत्रात ३०० व्होल्टच्या आसपास वीज असते. स्विच बंद केला, प्लग काढला, तरी ती कॅपॅसिटरमध्ये भरलेली राहते. प्लग काढलेल्या यंत्रातही माणसाला जबर झटका बसू शकतो. म्हणून फिल्टर कॅपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा असावा, म्हणजे बंद केल्यावर वीज आपोआप उतरते. त्यावरही भरवसा न ठेवता हात घालण्यापूर्वी मीटर लावून पाहावे. वीज शिल्लक असेल तर इन्सुलेटेड चिमट्यांच्या तारेने १० किलोओहम, १० वॉटचा रेझिस्टर काही सेकंद लावून उतरवावी आणि पुन्हा मोजावे. पेचकस टेकवून ठिणगी काढण्याची जी रीत दुरुस्तीच्या दुकानांत दिसते, ती चुकीची आहे. त्यात कॅपॅसिटर बिघडतो आणि ठिणगी डोळ्यांत उडते. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात ठेवावा. दोन्ही हात आत असले तर वीज छातीतून जाते. पेटीला तीन पिनांचे अर्थिंग हवेच आणि लाइनवर फ्यूज हवा. घरात लहान मुले असतील तर उघडी पेटी टेबलावर सोडून नमाजला किंवा जेवायला उठू नये.

पहिल्यांदा चालू करताना लाइनमध्ये ४० वॉटचा सिरीज बल्ब लावावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे. मग बल्ब काढून पुस्तिकेतील तक्त्याप्रमाणे व्होल्ट मोजावेत. १२एएक्स७ च्या नऊ पिना खालून पाहताना मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात: १ आणि ६ प्लेट, २ आणि ७ ग्रिड, ३ आणि ८ कॅथोड, बाकीच्या ४, ५, ९ फिलामेंटच्या. प्लेटच्या १०० किलोओहम रेझिस्टरवर १०० व्होल्ट पडत असतील तर १ मिलिॲम्पियर वीज वाहते आहे, व्हॉल्व्ह काम करतो आहे. काहीच पडत नसेल तर व्हॉल्व्ह बंद आहे किंवा कॅथोडचा सांधा कच्चा आहे. शेवटी बाहेर जाणाऱ्या सॉकेटवर सरळ दिशेचे व्होल्ट मोजावेत. तिथला कॅपॅसिटर गळका असला तर प्लेटची वीज थेट पुढच्या ॲम्प्लिफायरमध्ये घुसते.

व्हॉल्व्हची खरेदी हा वेगळाच बाजार आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह अनेक वर्षे बनवले, आणि जुन्या मालात ते अजून मिळतात. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. काचेवरची छपाई बोटाने पुसली जाते, तेव्हा तिथे दुसरे नाव छापणे अवघड नाही, आणि जुन्या नामांकित मालाला भाव कितीतरी जास्त. म्हणून छाप पाहून भाव देऊ नये. टेस्टरवरचा आकडा मागावा, दोन्ही भागांचा वेगवेगळा. विकणाऱ्यानेही व्हॉल्व्ह वापरलेला असेल तर ऐब सांगूनच विकावा.

आता धंद्याचा हिशोब. हीथ कंपनीने १९९२ मध्ये किटचा धंदा सोडला. यंत्रे बोर्डांवर भाग बसवू लागली, एका चिपमध्ये शंभर भाग मावू लागले, आणि जोडणीची जी मजुरी गिऱ्हाइक वाचवत होता तीच उरली नाही. तयार माल किटपेक्षा स्वस्त झाला. व्हॉल्व्हची किट तिथे आजही विकली जातात आणि डायनाकोच्या जुन्या यंत्रांसाठी नवे बोर्डही बनतात. हा माल थोड्या संख्येने आणि हाताने बनतो, आणि तिथे हाताची मजुरी महाग आहे. आपल्याकडे उलट आहे. कुशल हात स्वस्त, बाहेरून येणारे भाग महाग. म्हणून इथे किट विकून फारशी बचत दाखवता येणार नाही, असे माझे मत आहे. इथल्या कारीगराने किट स्वतः जोडून शिकावे आणि तयार, तपासलेले यंत्र विकावे. चोर बाजारात जुने रेकॉर्ड प्लेयर घेणारे गिऱ्हाईक आहे, कव्वालीच्या एलपी जपणारे घराघरांत आहेत. त्यांना यंत्राबरोबर दुरुस्ती करणारा माणूसही हवा असतो.

अमेरिकेतून किट मागवायचे असेल तर आधी ट्रान्सफॉर्मर विचारावा. तिथली लाइन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. पुष्कळदा तो इथेच वाइंडिंगवाल्याकडून बनवून घेणे परवडते. त्याला लिहून द्यावे: आत २३० व्होल्ट, बाहेर किटच्या नकाशाप्रमाणे उच्च दाबाचे वाइंडिंग ३० मिलिॲम्पियरचे, आणि १२.६ व्होल्ट दीड ॲम्पियर. चार १२एएक्स७ ची फिलामेंट ०.६ ॲम्पियर खातात, पण वीज सरळ करून दिली तर ट्रान्सफॉर्मरवर जवळपास पावणेदोन पट भार येतो, आणि १२एक्स४ चे ०.३ वेगळे. लॅमिंग्टन रोडवर बाकीचे रेझिस्टर, कॅपॅसिटर, सॉकेट मिळतात.

ऑर्डर घेताना व्हॉल्व्हची किंमत बिलात वेगळी दाखवावी आणि भाव ठराविक दिवसांपुरता द्यावा. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा अमेरिकेतील विक्रेत्यांना रशियन व्हॉल्व्हच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या, आणि ज्यांनी पूर्ण यंत्राचा एकच भाव ठरवून आगाऊ पैसे घेतले असतील त्यांना फरक स्वतःच्या खिशातून भरण्यावाचून गत्यंतर नव्हते.