शुश्रूषागृहातील सेवेचे मूल्यमापन : एक अभ्यास

दरवर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनी, अनेक महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पथके वृद्धाश्रमांस भेट देतात. फळवाटप होते, दोनचार भाषणे होतात, छायाचित्रे निघतात आणि विद्यार्थी परततात. परतताना "आश्रम फार छान आहे" असा अभिप्राय नोंदवहीत लिहिला जातो. हा अभिप्राय कशाच्या आधारे दिला, असे कोणी विचारले तर मात्र इमारत, बाग व व्यवस्थापकांचे सौजन्य यांपलीकडे आपल्यापाशी फारसे उत्तर नसते. वृद्ध व दुर्बल माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेची सेवा चांगली की वाईट, हे शास्त्रीय पद्धतीने कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संज्ञेचा घोटाळा

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की खाजगी दवाखाना किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. इ. स. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यातील व्याख्या मात्र व्यापक आहे. आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्या व्यक्तींना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार व त्यांची शुश्रूषा जेथे होते, ती जागा म्हणजे शुश्रूषागृह. प्रसूतिगृहाचाही त्यात समावेश होतो. पाश्चात्त्य देशांत हाच शब्द प्रामुख्याने परावलंबी वृद्धांच्या दीर्घकालीन निवासासाठी वापरतात. आपल्याकडे ते काम घर करते, आणि घर नसेल तेथे वृद्धाश्रम करतो.

वृद्धाश्रमाची कल्पना मुळात हिंडत्याफिरत्या वृद्धांसाठी आहे. महाराष्ट्र शासनाच्या योजनेत पुरुषांना ६० व स्त्रियांना ५५ वर्षांनंतर प्रवेश मिळतो. परंतु साठाव्या वर्षी स्वतःच्या पायांनी आत आलेला माणूस पुढे पंचाहत्तरीला पोचतो. पक्षाघात होतो, मांडीचे हाड मोडते, स्मृती जाते. मग तोच आश्रम, परिचारिका असो वा नसो, शुश्रूषागृह बनतो. आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथील संत दोला महाराज वृद्धाश्रमाचे नाव आपल्या जिल्ह्यात अनेकांना ठाऊक आहे. येथे कोणत्याही एका संस्थेची परीक्षा करण्याचा हेतू नाही. अशा सर्व संस्थांना लावता येईल असे माप शोधणे, एवढाच हेतू आहे.

हे माप हवे, असे कायद्यालाही वाटते. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम स्थापन करू शकते. वैद्यकीय सेवा व करमणूक यांसह त्या आश्रमांतील सेवांचा दर्जा ठरविण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील लोक शेकडा ९.९ होते. मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईस गेलेली व कोरडवाहू शेती परवडेनाशी झालेली, अशी कुटुंबे यवतमाळ जिल्ह्याच्या प्रत्येक तालुक्यात आहेत. तेव्हा हा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात उभा राहणार आहे.

मूल्यमापनाची तीन अंगे

या विषयाचा पाया अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये घातला. बैरूत येथे आर्मेनियन कुटुंबात जन्मलेले व पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात अध्यापन केलेले हे वैद्यकतज्ज्ञ. वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन अंगांनी पाहावा, असे त्यांनी मांडले : रचना, प्रक्रिया आणि फलित. रचना म्हणजे इमारत, खाटा, साधने व माणसे. प्रक्रिया म्हणजे प्रत्यक्षात काय केले जाते ते. फलित म्हणजे त्यामुळे माणसाचे काय झाले ते.

*रचना.* पाहुण्याला हे अंग सर्वांत आधी दिसते; म्हणून त्यावरच मत बनते. तरीही ते क्षुल्लक नव्हे. क्रिमियन युद्धात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात फेब्रुवारी १८५५ मध्ये शंभरात सुमारे ४२ रुग्ण दगावत होते. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाने गटारे व पाणीपुरवठा साफ करविला, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत हे प्रमाण २ च्या आसपास आले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे आकडे आलेखांत मांडून सरकारला दाखविले. म्हणून संडासापर्यंत जाणारी वाट कोरडी आहे काय, तेथे धरावयास दांडी आहे काय, बसावयास कमोड आहे काय, हे प्रश्न दर्शनी बागेपेक्षा महत्त्वाचे होत. त्याहून महत्त्वाचा प्रश्न मनुष्यबळाचा. 'येथे किती कर्मचारी आहेत?' असे विचारू नये. 'रात्री दोन वाजता किती माणसे जागी असतात, आणि अंथरुणाला खिळलेले किती जण त्यांच्याकडे असतात?' असे विचारावे.

*प्रक्रिया.* ज्याला स्वतः कुशीवर वळता येत नाही, त्याला साधारणतः दर दोन तासांनी वळविण्याची रीत आहे. तसे न केल्यास माकडहाड, टाचा व खुबा यांवर दाब पडून कातडी मरते आणि जखम होते. डॉक्टर तिला 'बेडसोअर' म्हणतात. औषधाचा डबा कोणाच्या हाती असतो, गोळी दिल्याची नोंद होते की नाही, दोन माणसांना हात लावण्याच्या मध्ये सेविका हात धुते काय, दात नसलेल्याला भाकरी कुस्करून मिळते काय, हे सारे प्रक्रियेत मोडते. आपण वाटलेला पेरू किंवा सफरचंद त्या आजोबांना चावता येते काय, हा प्रश्नही तेथलाच.

आपल्या जिल्ह्यासाठी यात दोन गोष्टींची भर घालावी लागेल. पहिली पाण्याची. मे महिन्यात येथे पारा ४४ अंशांच्या वर जातो आणि उतारवयात तहानेची जाणीवच मंदावते. माठ भरलेला असणे पुरेसे नाही. खाटेवरून हात पोचेल तेथे हलका पेला हवा आणि मागितल्याशिवाय पाणी देणारे माणूस हवे. दुसरी भाषेची. म्हातारपणी स्मृती ढळली की माणूस पुष्कळदा लहानपणीच्या बोलीकडे परततो. गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीचे दुखणे कळण्यासाठी ती बोली जाणणारे निदान एक माणूस जवळ हवे. त्याच्या अभावी 'आजी उगाच ओरडते' अशी नोंद होते आणि पोटातले दुखणे पोटातच राहते.

*फलित.* खरी कसोटी येथे लागते. फलित मोजण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. वजनकाटा आणि वही पुरते. पन्नास किलो वजनाच्या वृद्धाचे एका महिन्यात अडीच किलो, म्हणजे शेकडा ५, वजन घटले तर ती धोक्याची सूचना समजतात. आश्रमात आल्यानंतर किती जणांना नव्याने बेडसोअर झाले, महिन्यात किती जण पडले, किती जणांना खाटेला बांधून ठेवले किंवा झोपेच्या गोळ्या देऊन गप्प केले, या संख्या सेवेबद्दल पुष्कळ सांगतात. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून न ठेवले जाण्याचा हक्क निवासींना दिला. स्वावलंबन मोजण्यासाठी कॅट्झ यांची १९६३ ची सूची सोपी आहे. अंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, उठून बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे, या सहा गोष्टींपैकी किती स्वतः करता येतात, ते पाहावयाचे. प्रवेशाच्या दिवशी सहा व सहा महिन्यांनी तीन, असे झाले तर कारण शोधावे लागते.

आकड्यांची मर्यादा

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. समजा, एक आश्रम केवळ हिंडत्याफिरत्या वृद्धांना घेतो आणि दुसरा रस्त्यावर पडलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांनाही उचलून आणतो. दुसऱ्याकडे मृत्यू अधिक होणारच. नुसते आकडे शेजारी ठेवले तर ज्याने अधिक अवघड काम पत्करले त्याच्यावरच ठपका येईल. म्हणून माणूस कोणत्या अवस्थेत आत आला, याची नोंद हाती आल्याशिवाय दोन संस्थांची तुलना करू नये. बेडसोअरच्या बाबतीतही आधीची जखम व येथे झालेली जखम वेगळी मोजावी.

दुसरी मर्यादा प्रश्नोत्तरांची. "आजी, येथे बरे आहे ना?" असे व्यवस्थापकांसमोर विचारले तर "बरं हाये बाप्पा, देवाची किरपा" हेच उत्तर येणार. ज्याच्या हातून घास घ्यावयाचा, त्याच्याविरुद्ध कोण बोलेल? म्हणून मत न विचारता घटना विचारावी. काल रात्री उठावेसे वाटले तेव्हा कोणाला हाक मारली? किती वेळाने कोणी आले? अंघोळ कोणत्या वेळी करावयाची, हे कोण ठरविते? तुमची पेटी तुमच्या ताब्यात आहे काय?

शेवटच्या दोन प्रश्नांना समाजशास्त्रात मोठा आधार आहे. पीटर टाउनसेंड यांनी इंग्लंड व वेल्समधील १७३ वृद्धनिवासांना भेटी देऊन १९६२ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. सोयी व कर्मचारी यांच्याबरोबरच दैनंदिन जीवनातील स्वातंत्र्य आणि हाताला काम, हीही त्यांनी दर्जाची मापे मानली. पोट भरलेले, अंथरूण स्वच्छ, पण दिवसभर भिंतीकडे पाहत बसलेला माणूस, ही चांगली सेवा नव्हे. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला वाफ्यातील मेथी खुरपू देणे हीसुद्धा शुश्रूषाच होय.

समारोप

वरील विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. संस्थेचा दर्जा तेथील सर्वांत परावलंबी माणसावरून, आणि पाहुणे नसलेल्या वेळेवरून ठरवावा. जो बोलू शकत नाही, ज्याला भेटावयास कोणी येत नाही, त्याची पाठ, त्याचे वजन व त्याचा पाण्याचा पेला पाहावा. बोलके, चालते आजोबा स्वागताला पुढे येतात. त्यांच्यावरून मत बनवू नये.

आपल्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजना व समाजशास्त्र विभाग यांना एक सूचना करावीशी वाटते. वर्षातून एकदा फळे वाटण्याऐवजी एखाद्या आश्रमाशी वर्षभराचा संबंध ठेवावा. व्यवस्थापकांची व त्या वृद्धांची संमती घेऊन महिन्यातून एकदा वजने करावीत, सहा गोष्टींची सूची भरावी आणि ती वही आश्रमातच ठेवावी. कोणाचे नाव व छायाचित्र बाहेर जाऊ देऊ नये. काही गैर आढळल्यास आधी व्यवस्थापकांशी बोलावे. निभाव लागला नाही तर समाजकल्याण कार्यालय आहे, तसेच २०२१ मध्ये सुरू झालेली ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही दूरध्वनी सेवा आहे. अपुऱ्या माणसांनिशी रात्रंदिवस राबणाऱ्या सेविकांनाही अशा वहीचा उपयोगच होईल. रात्रपाळीला आणखी एक बाई हवी, हे देणगीदारांना पटवून देण्यासाठी त्यांच्या हाती आज काही नाही. उद्या निदान बारा महिन्यांचे आकडे असतील.