तिळाचे वाण आणि बदलती परिस्थिती

तीळ हे भारतातील अतिप्राचीन तेलबियांपैकी एक पीक होय. त्याच्या दाण्यात वजनाच्या सुमारे निम्मे तेल असते. महाराष्ट्रात ते खरीप, अर्धरब्बी व उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत घेतले जाते. जमीन, पाणी व हवामान यांत एवढी तफावत असताना एकच वाण सर्वत्र सारखाच उतरेल, ही अपेक्षा व्यर्थ ठरते.

या पिकाचा स्वभावच तसा आहे. मुळाशी पाणी साचल्यास रोपे पिवळी पडून मरतात. म्हणून निचरा नसलेली भारी काळी जमीन त्याला मानवत नाही. थंडीत उगवण व वाढ मंदावते. दिवस लहान असता फुलोरा लवकर येतो. त्यामुळे खरिपात सरस ठरलेला वाण उन्हाळ्यात मागे पडू शकतो.

वाणाची पारख

केवळ सरासरी उत्पादनावरून वाणाची निवड करणे धोक्याचे असते. उदाहरणादाखल दोन वाण घेऊ. पहिला सुपीक, ओलिताच्या जागी हेक्टरी 8 क्विंटल व हलक्या कोरडवाहू जमिनीत 3 क्विंटल देतो. दुसरा अनुक्रमे 6 व 5 क्विंटल देतो. दोघांचीही सरासरी 5.5 क्विंटलच येते. मात्र जागेची सरासरी 4 वरून 7 वर गेली असता पहिला 5 क्विंटलांनी वाढतो, दुसरा अवघ्या 1 क्विंटलाने. म्हणजेच जागेच्या सरासरीतील प्रत्येक क्विंटल वाढीमागे पहिल्याची वाढ 1.67, तर दुसऱ्याची 0.33 आहे. यालाच प्रतिसादाचा गुणांक म्हणतात. पहिला वाण सधन परिस्थितीचा लाभ घेतो. दुसरा बिकट वर्षी शेतकऱ्याला सावरतो.

एबरहार्ट व रसेल यांनी 1966 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार सर्वसाधारण शिफारशीसाठी तीन कसोट्या महत्त्वाच्या आहेत: सरासरी उत्पादन अधिक असावे, गुणांक 1 च्या जवळ असावा आणि अपेक्षित उत्पादनापासूनचे विचलन शून्याजवळ असावे. दोन ठिकाणांवरून विचलन कळत नाही; त्यासाठी अनेक ठिकाणी व एकाहून अधिक वर्षे चाचण्या घ्याव्या लागतात.

स्थानिक निवड

जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राचे ‘तापी’ (जे.एल.टी.-7) व ‘पद्मा’ (जे.एल.टी.-26) हे खरिपाचे वाण आहेत. पद्मा सुमारे अडीच महिन्यांत तयार होत असल्याने पाऊस लवकर ओसरणाऱ्या भागात उपयुक्त ठरतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा ‘एकेटी-101’ हा वाण उन्हाळी हंगामासाठी आहे. त्याला सुमारे तीन महिने व ओलिताची सोय लागते.

बियाणे वाटपापूर्वी ग्रामपंचायतींनी गावातील जमिनीचा निचरा, पावसाचा कालावधी व पाण्याची सोय यांची नोंद करावी. हलक्या जमिनीवर एकाच पिकाच्या भरवशावर असलेल्या कुटुंबास विक्रमी उत्पन्नापेक्षा खात्रीचे उत्पन्न अधिक मोलाचे असते, हे ध्यानात ठेवूनच वाणाची शिफारस होणे अगत्याचे आहे.