स्लायडर तळाला, आवाज टिपेला

पेटीच्या सुराचा खटका बाहेर ओढला की सूर वाजतो, आत ढकलला की थांबतो. खटका कुठे आहे ते पाहिलं की आवाजाचं काय चाललंय ते कळतं. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या एनआयडीत मूग सिंथेसायझर बसवून दिला. त्या अवजड यंत्रातही हीच गोष्ट होती, नॉबचा काटा जिथे असेल तेच त्याचं मूल्य. संगणकावरच्या सिंथेसायझरमध्ये ही हमी उरत नाही. पडद्यावरचा स्लायडर म्हणजे फक्त एक चित्र असतं. आवाज ठरवणारा आकडा दुसरीकडे कुठेतरी बसलेला असतो, आणि चित्र आणि आकडा जुळतीलच असं नाही. प्युअर डेटासारख्या साधनात सिंथेसायझर बांधायला बसणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. मी ते एका सप्ताहाच्या मांडवात समजून घेतलं.

आदिलाबाद जिल्ह्याचा पैनगंगेकडचा पट्टा, म्हणजे बेला, जैनद, तामसी ही बाजू, तेलंगणात असली तरी इथे घराघरांत मराठी बोलली जाते. नदीपलीकडे यवतमाळ, अलीकडे आम्ही. गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह बसतात. पहाटे काकडा, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. रोज वेगळा कीर्तनकार, म्हणून रोज वेगळी पट्टी. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणाला पांढरी चार लागते. तंबोरा गावात नसतोच, आणि विण्याचा सूर लाउडस्पीकरमधून नीट ऐकू येत नाही. म्हणून गावातल्या दोन मुलांना घेऊन मी जुन्या लॅपटॉपवर तंबोऱ्याचा पॅच बांधला. प्युअर डेटा फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इर्कॅम संस्थेत मॅक्स हे साधन घडवलं आणि पुढे १९९६ मध्ये प्युअर डेटा लिहिलं. त्यात ओळींचा कोड लिहायचा नसतो. पडद्यावर ऑब्जेक्ट मांडायचे आणि वायरने एकमेकांना जोडायचे. अशा जोडणीलाच पॅच म्हणतात. मुलांना ते लगेच जमलं.

एक गोष्ट आधीच सांगतो. रियाजापुरता सूर हवा असेल तर मोबाइलमधलं तंबोऱ्याचं ॲप पुरतं, पॅचच्या वाटेला जाऊ नका. पट्टी भरभर बदलायची असेल, चारही तारा वेगळ्या हाताळायच्या असतील किंवा मुलांना आवाज कसा बनतो हे शिकवायचं असेल, तेव्हाच हा खटाटोप करावा.

अशाच एका सप्ताहात एका रात्री कीर्तन रंगात असताना वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी कधीच निकामी झालेली, त्यामुळे तोही बंद पडला. जनरेटर सुरू झाला, लॅपटॉप चालू केला, पॅच उघडला. उघडताच आवाजाचं इंजिन आपोआप सुरू होईल अशी सोय आम्ही करून ठेवली होती. पॅनेल सांभाळणाऱ्या मुलाने पाहिलं तर मुख्य आवाजाचा स्लायडर तळाला. आवाज बंद आहे असं समजून त्याने ॲम्प्लिफायर चालू केला. दोन्ही बॉक्समधून तंबोरा पूर्ण ताकदीने कोसळला. पुढे बायका आणि म्हातारी माणसं बसलेली. विणेकरी कानावर हात ठेवून माझ्याकडे आले, "काऊन जी मास्तर, येवढा आवाज कुठून आला?" बॉक्सच्या अगदी जवळ बसलेल्या एका आजोबांच्या कानात रात्रभर शिट्टी वाजत राहिली.

हे घडलं ते असं. प्युअर डेटातल्या प्रत्येक स्लायडरच्या गुणधर्मांत 'इनिट' नावाची एक निवड असते आणि ती मुळात बंद असते. ती बंद असली की पॅच उघडताना स्लायडर शून्याला जाऊन बसतो, पण ते शून्य खालच्या ऑब्जेक्टला पाठवत नाही. खाली आवाज कमीजास्त करणारा जो गुणाकाराचा ऑब्जेक्ट होता, त्याच्या चौकटीत आम्ही सुरुवातीचा आकडा १ लिहिला होता. गुणिले १ म्हणजे पूर्ण आवाज. चित्र सांगत होतं शून्य, आकडा होता एक, आणि मुलाने चित्रावर विश्वास ठेवला. त्याच्या जागी दुसरा कुणीही असता तरी त्याने तेच केलं असतं.

म्हणून पहिलं काम हे. आवाजाशी संबंधित प्रत्येक गुणाकाराचा सुरुवातीचा आकडा ० लिहा. पॅच उघडताच एक संदेश सोडणारा लोडबँग नावाचा ऑब्जेक्ट असतो, त्याने प्रत्येक स्लायडरला त्याचं सुरुवातीचं मूल्य पाठवा. स्लायडर ते दाखवेलही आणि पुढेही पाठवेल. इनिट चालू ठेवूनही हे साधतं, पण त्यात शेवटच्या वेळी पॅच जतन करताना स्लायडर जिथे असेल ते मूल्य परत येतं. मुख्य आवाजासाठी मला ते मान्य नाही. तो दर वेळी शून्यातूनच उठावा आणि माणसाच्या हातानेच वर जावा.

दुसरं, स्लायडरचा आकडा थेट आवाजाला जोडू नका. आकडा एकदम बदलला की आवाजात टक् असा ठोका पडतो. सतत बदलत राहिला तर जाड कापडाची चेन ओढल्यासारखी करकर ऐकू येते. प्युअर डेटा ६४ नमुन्यांच्या गटागटाने आवाज मोजतं. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर एक गट सुमारे दीड मिलिसेकंदाचा होतो, आणि नवा आकडा गटाच्या सीमेवर एका झटक्यात लागू होतो. मध्ये लाइन-टिल्ड हा ऑब्जेक्ट टाका आणि त्याला ३० ते ५० मिलिसेकंदांत नव्या आकड्यापर्यंत सरकायला सांगा. करकर जाते. शिवाय आवाजाचा स्लायडर डेसिबलमध्ये ठेवा. कान गुणोत्तर ऐकतो, बेरीज नाही. सरळ रेषेत वाढणारा स्लायडर खालच्या थोड्याशा भागातच सगळा फरक दाखवतो आणि वर जवळजवळ काहीच बदलत नाही. प्युअर डेटाच्या पद्धतीत १०० डेसिबल म्हणजे पूर्ण आवाज आणि ९४ म्हणजे जवळपास निम्मा आयाम. त्यासाठी डीबी-टू-आरएमएस हा तयार ऑब्जेक्ट आहे.

आता पट्टीबद्दल, कारण मंडळींशी खरा संबंध तिचाच येतो. आम्ही आधी पट्टीसाठी एक लांब स्लायडर ठेवला होता आणि तो मिडी कीबोर्डच्या नॉबने फिरवत होतो. मिडीच्या साध्या नॉबला ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या असतात. सप्तकाचे १२०० सेंट त्यांवर वाटले तर एकेक पायरी साडेनऊ सेंटांच्या आसपास पडते. पेटीशी सूर जुळवायला हे फार ओबडधोबड आहे, सूर या बाजूला नाहीतर त्या बाजूला राहतो. त्याऐवजी बारा घरांची, एका वेळी एकच घर निवडू देणारी 'रेडिओ' पट्टी ठेवा. तिच्यातून ० ते ११ आकडे येतात. पुरुषी तंबोऱ्यासाठी त्यात ४८ मिळवा. पांढरी एक ४८, काळी एक ४९, पांढरी दोन ५०, काळी दोन ५१, पांढरी तीन ५२, पांढरी चार ५३, असं सरळ जातं. एम-टू-एफ ऑब्जेक्ट त्याची कंपनसंख्या काढून देतो, काळी एकची १३८.५९ हर्ट्झ. गावातल्या कुठल्याही पेटीवाल्याला हे पॅनेल समजवावं लागत नाही. घरांवर त्याच्याच पट्टीची नावं असतात.

नॉब ठेवायचाच तर तो बारीक सुरासाठी ठेवा, मधोमध शून्य आणि दोन्हीकडे ५० सेंट. मग एक पायरी सेंटहूनही लहान पडते. पेट्या जुन्या असतात, धूळ खाऊन आणि वापरून त्यांचे सूर सरकलेले असतात, त्यामुळे हा नॉब रोज लागतो. आमच्या जिल्ह्यातले प्रधान कलावंत किकरी वाजवतात. तिच्या तारा गाणाऱ्याच्या गळ्याशी लावल्या जातात, कीबोर्डाच्या बारा घरांशी नाही. किकरीबरोबर सूर धरायचा असेल तर याच नॉबवर हात ठेवून बसावं लागतं. मात्र नॉबचा मध्य हाताला सापडत नाही, म्हणून शेजारी 'शून्य' करणारं एक बटण ठेवाच.

पंचम एम-टू-एफने काढू नका. कीबोर्डाचा पंचम ७०० सेंटांवर असतो, शुद्ध पंचम ७०२ च्या जवळ. फरक छोटा वाटतो, पण तंबोऱ्यात षड्जाच्या आणि पंचमाच्या तारा सतत वाजत असतात. पांढरी एकवर त्यांच्या उपस्वरांत सव्वादोन सेकंदांना एक हेलकावा येतो, आणि गाणाऱ्याला तो खुपतो. जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या तारांच्या, कंपनसंख्येला ०.७५ ने गुणा, मंद्र पंचम मिळतो. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागासाठी ०.६६६७ ने गुणा, मंद्र मध्यम मिळतो. खर्जासाठी ०.५.

तारेचा आवाज आम्ही कार्पलस-स्ट्राँग पद्धतीने बनवला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत अजूनही छान चालते. आवाजाचा छोटा झटका द्यायचा आणि तो क्षणभर थांबवून पुन्हा पुन्हा स्वतःतच मिसळायचा. तार किती वेळ झणझणत राहील हे परत मिसळण्याचा गुणांक ठरवतो. सगळ्या पॅनेलवर हा सगळ्यांत धोक्याचा नॉब आहे. गुणांक १ च्या खाली असेल तर तार विरत जाते, १ च्या वर गेला तर आवाज फेरीगणिक वाढत जातो आणि थांबत नाही. या वाटेवर क्लिप ऑब्जेक्ट टाका आणि वरची मर्यादा ०.९९५ च्या पुढे जाऊ देऊ नका. नॉब उजवीकडे टेकवला तरी काही बिघडणार नाही असंच प्रत्येक नियंत्रण बांधा. अंधारात, घाईत, दहा माणसांच्या गर्दीत नॉब शेवटपर्यंत फिरवला जातोच. याशिवाय आवाज बाहेर सोडणाऱ्या डॅक ऑब्जेक्टच्या आधी क्लिप-टिल्ड लावा. त्याने आवाज फाटेल, पण कान वाचतील.

मिडी नॉबची आणखी एक गोम आहे. पॅचमध्ये आकडा २० असतो आणि हातातला नॉब १२० वर उभा. नॉबला स्पर्श झाला की आकडा २० वरून थेट १२० वर उडी मारतो. उपाय असा, की नॉबचा आकडा पॅचमधल्या आकड्याला ओलांडेपर्यंत दुर्लक्षित ठेवायचा आणि ओलांडला की मग त्याचं ऐकायचं. तुलना करणारे दोन-तीन ऑब्जेक्ट पुरतात. एवढं बांधायचा कंटाळा असेल तर मुख्य आवाज नॉबला जोडूच नका.

चार तारा म्हणजे वेगळ्या फाइलीत जतन केलेल्या एकाच पॅचच्या चार प्रती. प्रत्येकीत 'आवाज' नावाने संदेश पाठवला की चारही प्रती तो ऐकतात. पंचम कमी करायला जावं आणि चारही तारा कमी व्हाव्यात, असं आमच्याकडे झालं. नावाच्या आधी डॉलर-शून्य आणि आडवी रेघ लावली की प्रत्येक प्रतीला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळतो आणि नावं एकमेकांत मिसळत नाहीत. पण मेसेजच्या चौकटीत डॉलर-शून्य चालत नाही, तिथे ते नुसतं ० होतं. बरेच नवखे या जागी तासन्‌तास अडकतात. क्रमांक वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये घेऊन तिथे पोहोचवावा लागतो.

पॅनेलवरचा स्लायडर आणि आतला स्लायडर एकमेकांना दोन्हीकडून वायरने जोडू नका. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने परत पहिल्याला, हे फिरत राहतं आणि प्युअर डेटा 'स्टॅक ओव्हरफ्लो' म्हणून तक्रार करतं. दुसऱ्या स्लायडरला 'सेट' शब्दासह आकडा पाठवा. तो नुसता दाखवतो, पुढे काही पाठवत नाही.

कीर्तनकारागणिक पट्टी, बारीक सूर आणि तारांचं प्रमाण जतन करून ठेवणं फार सोयीचं असतं. साध्या टेक्स्ट फाइलीत ते लिहिता येतं. त्या यादीत मुख्य आवाज मात्र घालू नका. मांडव बदलतो, बॉक्स बदलतात, कालच्या गावचा आवाज आजच्या मांडवात चालत नाही.

आणि शेवटी माणसाबद्दल. पॅनेल ज्याच्या हाती देणार असाल, त्याला आधी एक-दोन कार्यक्रम शेजारी बसवून सगळं दाखवा. पॅच नेण्याआधी घरीच, पॅच चालू असताना, लॅपटॉपची विजेची वायर ओढून काढा, पुन्हा सुरू करा आणि काय वाजतं ते आधी हेडफोन कानापासून दूर धरून ऐका. मांडवात ॲम्प्लिफायर सगळ्यांत शेवटी चालू करा, त्याचा नॉब शून्यावर ठेवून, आणि बंद करताना सगळ्यांत आधी तोच बंद करा.