स्थिर थेंबाची कसोटी : द्विप्रावस्था प्रवाहाच्या संगणनातील अस्थैर्य

पाणी व हवा यांचा एकत्र प्रवाह संगणकावर मांडणाऱ्या अभ्यासकाला एक अनुभव हटकून येतो. गणित काही काळ सुरळीत चालते. मग दोन द्रायूंच्या सीमेलगत वेग अकारण वाढू लागतात आणि अखेरीस सारे संगणन कोसळते. अशा वेळी काळाची पायरी निम्मी करण्याचा प्रघात आहे. तो उपाय कधी लागू पडतो, कधी मुळीच नाही. मग कंटाळून श्यानता कृत्रिम रीतीने वाढवली जाते. त्याने दोष झाकला जातो, उत्तर मात्र खोटे ठरते.

म्हणून प्रथम ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे उदाहरण घ्यावे. गुरुत्वाकर्षणरहित, निश्चल हवेत १ मिलिमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब कल्पावा. लाप्लासच्या नियमानुसार थेंबातील दाब बाहेरच्यापेक्षा पृष्ठताणाच्या दुपटीस त्रिज्येने भागून येईल तितका, म्हणजे सुमारे १४४ पास्कल, अधिक असतो. वेग सर्वत्र शून्य. तरीही संगणक थेंबाभोवती भोवरे दाखवतो!

हर्ट व निकल्स यांच्या १९८१ च्या पद्धतीत प्रत्येक कोष्ठातील द्रवाचा अंश तेवढा नोंदलेला असतो. ब्रॅकबिल, कोथे व झेमाख यांनी १९९२ मध्ये त्या अंशाच्या प्रवणतेवरून पृष्ठताणाचे बल काढण्याची रीत दिली. अंश सीमेवर एकदम बदलत असल्याने त्यावरून काढलेली वक्रता ओबडधोबड निघते. शिवाय दाबाची प्रवणता एका जागी व बल दुसऱ्या जागी मोजले, तर दोहोंचा मेळ बसत नाही आणि उरलेले बल द्रायूला ढकलते. येथे काळाची पायरी लहान करणे व्यर्थ होय. दोष नेमका कोठे आहे हे पाहण्यासाठी खरी वक्रता आपणच पुरवावी, व दाबाचे समीकरण काटेकोर सोडवावे. भोवरे मावळले तर दोष वक्रतेच्या गणनेत. टिकले तर मेळात.

पायरीचा प्रश्न खरा ठरतो तो पृष्ठताणाच्या लहरींपुरता. ०.१ मिलिमीटरच्या जाळीवर ही मर्यादा सुमारे ३३ मायक्रोसेकंद, ०.०५ वर सुमारे १२. जाळी निम्मी केली की कूराँची मर्यादा निम्मी होते, ही मात्र जवळजवळ तिपटीने घटते. घाईत हे निसटते.

यानंतर तोच थेंब हवेसह समान वेगाने वाहू द्यावा. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८३० पट. वस्तुमान व संवेग निरनिराळ्या सूत्रांनी वाहून नेले, तर स्थिर असता शाबूत राहिलेला थेंब येथे फुटतो.