वखारीतला मुक्काम

(कोकणच्या किनाऱ्यावरील वखारी एके काळी मालाने भरलेल्या असत. व्यापाराचे मार्ग बदलले आणि वखारी ओस पडल्या. अशाच एका वखारीत शाळेच्या सहलीने केलेल्या मुक्कामाची हकिकत लेखकाने प्रस्तुत पाठात सांगितली आहे.)

आमची शाळा छावणीत आहे. छावणी हा औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा, जुना लष्करी भाग. येथून समुद्र फार दूर. आमच्या मुलांनी खाम नदीचा पूर पाहिलेला असतो. पण समुद्र पाहिलेला असतो तो केवळ चित्रात. म्हणून काही वर्षांपूर्वी नववीच्या मुलांची सहल कोकणात न्यायचे आम्ही ठरवले.

एस.टी.ची गाडी करारावर घेतली. पुणे, कोल्हापूर मागे टाकून आंबोलीचा घाट उतरलो. सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याला पोहोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. सहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास झाला होता. मुले दमली होती. पण वाऱ्याबरोबर लाटांचा आवाज आला आणि सगळी गाडी एकदम जागी झाली.

आमचा मुक्काम बंदराजवळच्या एका हॉटेलात होता. हॉटेल म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे चकचकीत इमारत होती. गाडी थांबली ती एका लांबलचक, बसक्या, कौलारू इमारतीपुढे. तिला एकच भलामोठा दरवाजा होता. बैलगाडी सहज आत जाईल एवढा!

"सर, हे तर गोदाम आहे!" एक मुलगा म्हणाला.

त्याचे म्हणणे खरे होते. ती इमारत पूर्वी वखार होती. तुमच्या मोहल्ल्यात लाकडाची वखार असेल. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही सुरतेच्या वखारीविषयी वाचले असेल. १६६१ साली शिवाजी महाराजांनी इंग्रजांची राजापूरची वखार ताब्यात घेतली, हेही वाचले असेल. वखार म्हणजे माल साठवण्याची जागा. अरबीत तिला 'मखज़न' म्हणतात. याच शब्दावरून पोर्तुगीज लोकांचा 'अर्माझें' आणि इंग्रजांचा 'मॅगझिन' हे शब्द आले. मासिक म्हणजेही एक प्रकारची वखारच; तिच्यात माल असतो तो विचारांचा. १९०१ साली लाहोरहून निघालेल्या प्रसिद्ध उर्दू मासिकाचे नाव 'मखज़न' होते, ते उगीच नव्हे.

आम्ही आत गेलो. भिंती दोन हात जाडीच्या, जांभ्या दगडाच्या. जोते कमरेएवढे उंच. कारण जमिनीची ओल मालाला लागली तर माल कुजतो. खिडक्या मुळात नव्हत्याच. छपराखाली हवेसाठी लहान झरोके होते. खिडकी म्हणजे चोराला वाट आणि पावसाला वाट, असा जुन्या लोकांचा हिशेब. हॉटेल करताना मालकांनी भिंती फोडून खिडक्या बसवल्या आणि मधे आडभिंती घालून खोल्या केल्या. आडभिंती मात्र छपरापर्यंत नेल्या नव्हत्या. त्यामुळे रात्री एका खोलीत कोणी शिंकले, की पाचही खोल्यांतून हसू येई. अशा गोंधळात आम्ही कधी झोपलो, ते कळलेच नाही.

सकाळी मालकांनी सांगितले, "येथे नारळ, सुपारी, आमसुले, मीठ असा माल भरलेला असे. मुंबईहून आगबोटी येत. पुढे रस्ते झाले, ट्रक आले. आगबोटी बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मग बंदरावर माल कोण आणणार? वखार रिकामी झाली."

ही गोष्ट एकट्या वेंगुर्ल्याची नाही. १९५६ साली अमेरिकेत मोठमोठ्या लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून, जहाजाने माल नेण्यास सुरुवात झाली. हे कंटेनर वाहणारी मोठी जहाजे जुन्या, उथळ बंदरांत येऊ शकत नव्हती. जगभरच्या जुन्या गोद्या ओस पडू लागल्या. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराची आल्बर्ट गोदी १८४६ साली सुरू झाली आणि १९७२ साली बंद पडली. १९८८ साली ती पुन्हा उघडली, ती वेगळ्या रूपात. तिच्या वखारींत संग्रहालये, दुकाने आणि हॉटेले आली. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरातही १७८७ साली बांधलेल्या एका वखारीत आज हॉटेल आहे.

न्याहारी करून आम्ही वेंगुर्ल्याची डच वखार पाहायला गेलो. १६३७ च्या सुमारास डच व्यापारी येथे आले. तेव्हा हा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. येथून व्यापार करायचा आणि गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजरही ठेवायची, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. केवढी मोठी वास्तू ती! पण आम्ही पाहिली तेव्हा तिचे छप्पर पडलेले होते. भिंतींतून झाडांची मुळे शिरली होती.

"सर, आपली वखार चांगली आहे. ही का पडली?" मुलांनी विचारले.

मी म्हणालो, "आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी कौले परतावी लागतात. एक कौल सरकले, की पाणी भिंतीत मुरते. ओल्या भिंतीत पिंपळाचे बी रुजते. मूळ वाढते आणि दगड सुटतो. घरात माणूस राहत असेल, तर सरकलेले कौल त्याला पहिल्याच पावसात दिसते. माणूसच नसेल, तर कोणाला दिसणार?"

तेथून आम्ही शिरोड्यावरून तेरेखोलला गेलो. खाडीच्या मुखावर हा लहानसा किल्ला आहे. सावंतवाडीच्या भोसल्यांनी तो बांधला. १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला. गोव्याच्या मुक्तीसाठी झगडणाऱ्या सत्याग्रहींनी १५ ऑगस्ट १९५४ रोजी येथे तिरंगा फडकवला. पुढे याच किल्ल्यात सरकारने प्रवाशांच्या राहण्याची सोय केली आणि किल्ल्याचे हॉटेल झाले. "जेथे सत्याग्रही उभे राहिले, तेथे लोक सुट्टी घालवायला येत होते. त्यांना ती गोष्ट कोण सांगत असेल?" असा प्रश्न एका मुलाने विचारला. मला तो प्रश्न फार आवडला. त्याचे उत्तर आम्हांला त्याच संध्याकाळी सापडायचे होते.

वखारीत परतल्यावर आम्ही जेवणाच्या दालनात बसलो. भिंतीवर जुन्या वस्तू मांडल्या होत्या. आगबोटीचा फोटो होता आणि त्याखाली तिचे नाव होते. पितळी तराजू होता, कंदील होता. त्यांच्याखालीही माहिती होती. मधोमध काचेच्या चौकटीत एक लोखंडी आकडा होता. त्याला लाकडी मूठ होती. त्याखाली काहीच लिहिलेले नव्हते.

"मोठे मासे पकडायचा गळ असेल," एक जण म्हणाला.

"खाटकाचा आकडा असेल," दुसरा म्हणाला.

तेथे एक वृद्ध रखवालदार होते. मुले त्यांना आजोबा म्हणू लागली होती. आदल्या रात्री त्यांनी "खंयसून इलात?" असे विचारले, तेव्हा मुलांना वाटले, ही कोणती परकी भाषा! ती मालवणी बोली होती, मराठीचीच बहीण. आजोबा आता हसत मुलांचे अंदाज ऐकत होते.

मागच्या बाकावर बसणारा आमचा एक विद्यार्थी मात्र गप्प होता. तो वर्गातही फारसा बोलत नसे. अखेर तो हळूच म्हणाला, "हा पोत्याचा हूक आहे."

"तुला काय माहीत?" मुले म्हणाली.

तो उठला. त्याने उजव्या हाताची मूठ वळली आणि मनगट खाली वाकवले. "असा धरतात. टोक शिवणीजवळ लावायचे. मधे लावले, तर पोते फाटते आणि धान्य सांडते. मग एका झटक्यात पोते पाठीवर घ्यायचे." एवढे बोलून तो थांबला. मग खाली पाहत म्हणाला, "माझे अब्बा मोंढ्यात हमाली करतात."

दालनात शांतता पसरली. मला हजेरीपट आठवला. वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने 'धान्याचा व्यापार' असे सांगितले होते आणि मी तसेच लिहून घेतले होते.

आजोबा पुढे आले. त्यांनी सदऱ्याची बाही सारून खांदा दाखवला. तेथे कातडी जाड आणि काळी पडली होती. "अरे झिला, मी पण हमालच!" ते म्हणाले. याच वखारीत त्यांनी तरुणपणी क्विंटलाची पोती वाहिली होती. चौकटीतला आकडा त्यांचाच होता. वखारीचे हॉटेल झाले आणि हमालाचा रखवालदार झाला. पण आकडा कोणाचा, हे कोणत्याही पाहुण्याने त्यांना विचारले नव्हते.

मग मी मुलांना थोडी माहिती सांगितली. 'हमाल' हा शब्दही अरबीतूनच आला आहे. डोक्यावर, म्हणजे माथ्यावर, ओझे वाहणारा तो माथाडी. हमालांना पूर्वी मजुरीची किंवा म्हातारपणाची कसलीच हमी नव्हती. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला.

तो मुलगा म्हणाला, "सर, सगळ्या वस्तूंखाली लिहिले आहे. याच्याखाली का नाही?"

मालक म्हणाले, "माझ्या लक्षातच आले नाही. तूच लिहून दे. मी लावतो."

तो घाबरला. मराठी लिहिताना त्याच्या वेलांट्या चुकत. रात्री त्याने तीन वेळा कागद बदलला. सकाळी त्याने लिहून आणले : 'हा हमालांचा आकडा आहे. या आकड्याने वखारीतली पोती उचलली जात.'

वाक्य शुद्ध होते. मी शाबासकी दिली. आजोबांनी ते सावकाश वाचले आणि ते हसले. "आकडो पोता उचलता काय रे? माणूस उचलता!"

मुलाने क्षणभर विचार केला. मग दुसरा कागद घेऊन लिहिले : 'हा आकडा हातात धरून या वखारीतल्या हमालांनी पोती उचलली.' मालकांनी तो कागद चौकटीखाली लावला. आम्ही निघालो तेव्हा आजोबा त्याच्यापुढे उभे होते.

परतीच्या प्रवासात मुलांनी आपल्या शहरातील वास्तू आठवून पाहिल्या. पाणचक्कीत एके काळी पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि दर्ग्यातील फकिरांसाठी व मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई. आता तिच्या आवारात वक्फ मंडळाचे कार्यालय आहे. "दळले जाई की कोणी दळत असे?" एका मुलाने हसत विचारले. सगळी गाडी हसली. पण पाणचक्कीत धान्य कोण ओतत असे, पीठ कोण भरत असे, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही. मलाही नाही.

छावणीत परतल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा भरली. हजेरी झाली. मुले बाहेर गेली. तो मात्र टेबलाजवळ थांबला.

"सर, हजेरीपटात एक दुरुस्ती करायची आहे," तो म्हणाला.

मी पेन उघडले. 'धान्याचा व्यापार' या शब्दांवर रेघ ओढली आणि वर लिहिले : 'हमाली'.

शब्दार्थ

वखार – गोदाम, माल साठवण्याची जागा
ओस पडणे – रिकामे, निर्जन होणे
जांभा – कोकणात सापडणारा तांबडा दगड
जोते – इमारतीचा जमिनीवर उचललेला पाया
आडभिंत – खोल्या वेगळ्या करणारी मधली भिंत
आमसुले – कोकमाच्या वाळवलेल्या साली
कौले परतणे – छपरावरील कौले काढून पुन्हा नीट बसवणे
मोंढा – धान्याची घाऊक बाजारपेठ
खंयसून इलात? – (मालवणी) कोठून आलात?
झील – (मालवणी) मुलगा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वखारीला खिडक्या का ठेवत नसत?
(आ) 'मखज़न' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) आजोबा हॉटेलात कोणते काम करत होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बंदरावरील वखार रिकामी का झाली?
(आ) डच वखार पडली, पण मुक्कामाची वखार टिकली. याचे कारण सांगा.
(इ) मुलाने हजेरीपटात दुरुस्ती का करून घेतली असेल?

प्र. ३. पुढील वाक्यांत काम करणारा कोण, ते स्पष्ट होईल अशी वाक्ये पुन्हा लिहा.
(अ) विहीर खोदली गेली.
(आ) रस्ता झाडला जातो.
(इ) शाळेची इमारत बांधली गेली.

प्र. ४. उर्दूत आणि मराठीत दोन्हीकडे वापरले जाणारे पाच शब्द लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील एखादी जुनी वास्तू पाहा. ती पूर्वी कशासाठी होती, आज कशासाठी वापरतात आणि तेथे कोणी कष्ट केले, हे मोठ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.