मेंदूच्या चित्रांची साक्ष

मेंदूच्या चित्रांतील रंगीत ठिपके पाहून "येथें विचार चालला आहे" असें म्हणण्याचा मोह आपणांस होतो. वस्तुतः तें चुंबकीय यंत्र विचार पाहत नाहीं. रक्तांतील प्राणवायूचे फेरफार टिपतें. २००९ सालीं क्रेग बेनेट व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांनीं सॅल्मन जातीचा मृत मासा यंत्रांत ठेवून त्यास माणसांचीं छायाचित्रें दाखविल्याचा वृत्तांत मांडला. हजारों बिंदू एकेक तपासतां मृत मेंदूंतही कांहीं "जागृत" दिसले! इतक्या तपासण्यांत योगायोगानें होणाऱ्या चुकांचा हिशेब धरतांच एकही उरला नाहीं. म्हणून, विद्यार्थिमित्रहो, किती ठिकाणें तपासलीं व कोणती कसोटी लावली, हें निष्कर्षाबरोबर सांगावेंच. तें लपविणें, आमच्या मतें, खोटी साक्ष देणें होय.